कायद्याच्या लिंका टिकाऊ हव्यात

मा. संपादक महोदय,
स.न.वि.वि.

नामांतरणाचा अर्ज असो, भाडेकरूला द्यायची नोटीस असो की एखाद्या न्यासाचा ठराव, हल्ली इंदुरात अशा कागदांमध्ये कायद्याच्या नावापुढे त्याची लिंकही दिलेली असते. चांगलीच सवय आहे. पण वर्ष-दोन वर्षांनी ती लिंक उघडायला जावे तर पान सापडत नाही, नाहीतर भलतेच काही समोर येते. कायदा तसाच असतो, त्याचा पत्ता तेवढा बदललेला असतो. असे का होते, लिंक देणाऱ्याने काय काळजी घ्यावी आणि शासनाने काय करायला हवे, यासाठी हे पत्र.

केंद्रीय कायद्यांसाठी इंडिया कोड हे सर्वांत भरवशाचे संकेतस्थळ. ते डीस्पेस नावाच्या प्रणालीवर चालते. ही प्रणाली मुळात विद्यापीठांचे प्रबंध आणि शोधनिबंध साठवायला बनवलेली. तिच्यात प्रत्येक नोंदीला ‘हँडल’ मिळते: आधी संस्थेचा क्रमांक, मग तिरकी रेघ, मग नोंदीचा क्रमांक. संस्थेचा क्रमांक जागतिक हँडल नोंदणीकडून घ्यावा लागतो. तो घेतला नाही तर प्रणाली आपला नमुन्याचा क्रमांक टाकून मोकळी होते. हा क्रमांक म्हणजे १२३४५६७८९, आणि इंडिया कोडवरच्या कायद्यांच्या पत्त्यांत तोच दिसतो. इतर अनेक ग्रंथालयांच्या पत्त्यांतही हाच आकडा आहे. त्यामुळे उद्या संकेतस्थळाचे नाव बदलले तर या हँडलवरून कायदा शोधता येणार नाही. नोंदणीकृत क्रमांक असता तर संकेतस्थळ कुठेही गेले तरी मध्यवर्ती सेवेने वाचकाला नव्या जागी पोचवले असते.

एकेका कलमाच्या लिंकची स्थिती याहून नाजूक आहे. तिथे पत्त्यात कायद्याची जी ओळख येते तिच्या शेवटी तेरा आकडी संख्या असते. ती म्हणजे मिलिसेकंदांत मोजलेली वेळ. भारतीय दंड संहितेच्या बाबतीत ती एप्रिल २०१८ मधली निघते, म्हणजे १८६० च्या कायद्याच्या ओळखीत त्याची संगणकावर नोंद झाली तो क्षण शिरला आहे. नोंद नव्याने भरावी लागली तर ओळखही बदलेल. शिवाय पत्त्यात ‘ऑर्डर नंबर’ असतो, तो कलमाचा क्रमांक नव्हे, यादीतले त्याचे स्थान असते. १२० अ, १२४ अ, ३०४ ब अशी कलमे नंतर मध्ये घातलेली असल्याने हे दोन आकडे जुळत नाहीत. पत्त्यातला आकडा बदलून पुढचे हवे ते कलम उघडायला गेलात तर चुकीचे कलम हाती येते. ग्रंथालयात पुस्तकाला विषयाचा वर्गांक न देता कपाटाचा नंबर द्यावा, तसे हे झाले आहे.

राजपत्राच्या संकेतस्थळावरची अडचण वेगळी आहे. तिथे अधिसूचना शोधून उघडली की वरच्या पट्टीत कंसात ‘एस’ आणि पुढे चोवीस अक्षरांची अर्थहीन माळ दिसते. ती तुमच्या त्या वेळच्या भेटीची खूण असते, अधिसूचनेची नव्हे. पत्त्याच्या शेवटी नुसते ‘व्ह्यू पीडीएफ’ असते. राजपत्र कोणते, क्रमांक काय, यातले काहीच नाही. हा पत्ता दुसऱ्याला पाठवला की त्याच्याकडे अधिसूचना उघडत नाही. खरी ओळख राजपत्राच्या पहिल्या पानावर वर छापलेली असते: ‘सीजी-डीएल-ई’, मग दिवस-महिना-वर्ष, मग क्रमांक. ती उतरवून घ्यावी. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ८ नुसार इलेक्ट्रॉनिक राजपत्रातले प्रकाशन छापील राजपत्राइतकेच ग्राह्य आहे. म्हणून हा क्रमांक लिहिणे लिंकपेक्षाही महत्त्वाचे.

तेव्हा कागदात आधी कायद्याचे पूर्ण नाव, अधिनियम क्रमांक आणि वर्ष, कलम, ज्या तारखेला मजकूर पाहिला ती तारीख, आणि मग लिंक असा क्रम ठेवावा. इंडिया कोडवरून लिंक घेताना कायद्याच्या मुख्य पानाचा हँडल असलेला पत्ता घ्यावा. प्रश्नचिन्हापासून पुढचे सगळे काढून टाकावे, तो बहुतेक शोधाचा मागमूस असतो. कागद पाठवण्यापूर्वी लिंक ब्राउझरच्या खासगी खिडकीत, शक्यतो दुसऱ्या फोनवर उघडून पाहावी. पीडीएफची लिंक देताना फाइलच्या नावात मोकळी जागा किंवा कंस आहेत का ते बघा. व्हॉट्सॲपवर अशी लिंक अर्ध्यातच तुटते. फाइलचे नाव देवनागरीत असेल तर पत्त्यात एकेक अक्षरचिन्ह नऊ-नऊ खुणांचे होते आणि तो टंकून घेणे अशक्यच होऊन बसते. लिंक आखूड करणाऱ्या सेवा कायद्याच्या कागदात वापरूच नयेत. गुगलने आपली अशी सेवा नव्या लिंकांसाठी २०१९ मध्ये बंद केली. इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये प्रत जतन करणे उत्तम, पण तिथे पीडीएफ जतन करावी. इंडिया कोडवर कलमाचा मजकूर क्लिक केल्यावर मागाहून भरला जातो, त्यामुळे पान जतन केले तर बहुधा रिकामी चौकटच हाती लागते.

एवढे करूनही मूळ दुखणे राहतेच, कारण ते शासनाच्या पत्ते ठरवण्याच्या रीतीत आहे. ब्रिटनमध्ये राष्ट्रीय अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर २०१० पासून कायद्याचा पत्ता कायद्यावरूनच बनतो: कायद्याचा प्रकार, वर्ष, क्रमांक, कलम. मानवी हक्क कायद्याचे सहावे कलम हवे असेल तर कायद्याच्या प्रकारापुढे १९९८, ४२, सेक्शन, ६ असे टंकले की झाले. पुढे तारीख जोडली तर त्या दिवशी लागू असलेला मजकूर मागता येतो. युरोपीय संघाने २०१२ मध्ये याच धर्तीवर कायद्यांसाठी सामाईक ओळखपद्धत स्वीकारली.

तारखेची ही सोय आपल्याला किती लागते पाहा. मध्य प्रदेश भू-राजस्व संहिता, १९५९ मधले डायव्हर्शनचे, म्हणजे जमिनीचा वापर बदलण्याचे, कलम १७२ हे २०१८ च्या दुरुस्तीने वगळले गेले आणि तो विषय कलम ५९ कडे गेला. २०१५ मधल्या डायव्हर्शनचा वाद आज चालू असेल तर त्यात जुने कलम १७२ लागते, पण आजच्या संहितेची लिंक दिली तर तिथे ते ‘वगळले’ एवढेच दिसणार. भारतीय दंड संहितेचेही तेच. १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, तरी त्याआधीच्या गुन्ह्यांचे खटले जुन्या संहितेखालीच चालणार. त्या पानांवर ‘निरसित’ असा शेरा हवा, पण ती काढून टाकता कामा नयेत.

आपल्या भागात आणखी एक गुंता आहे. जमिनीच्या जुन्या प्रकरणांत ‘मध्य भारत भू-राजस्व व काश्तकारी विधान, संवत् २००७’ येते. ते १९५० चे अधिनियम क्रमांक ६६. पत्त्यात नुसते २००७ टाकले तर सत्तावन्न वर्षांची चूक होईल. राज्याची खूणही हवीच, कारण एकाच वर्षी एकाच क्रमांकाचा अधिनियम केंद्राचाही असतो आणि राज्याचाही.

न्यायनिर्णयांच्या बाबतीत हे काम झालेले आहे. २०२३ पासून सर्वोच्च न्यायालय आपल्या निर्णयांना तटस्थ संदर्भ क्रमांक देते. मध्य प्रदेश उच्च न्यायालयाच्या आपल्या इंदूर खंडपीठाच्या आदेशांवरही वर्ष, ‘एमपीएचसी-आयएनडी’ आणि क्रमांक छापलेला असतो. निर्णय कुठल्याही संकेतस्थळावर असो, तो त्या क्रमांकाने सापडतो. राज्याच्या विधी आणि विधायी कार्य विभागाने आपल्या अधिनियमांसाठी असेच पत्ते ठरवावेत: राज्य, इसवी सनाचे वर्ष, क्रमांक, कलम, तारीख. संकेतस्थळ बदलताना जुन्या प्रत्येक पत्त्यासमोर नवा पत्ता लिहिलेली यादी आधी तयार व्हावी आणि कायमस्वरूपी पुनर्निर्देशन, म्हणजे ३०१ हा संकेत, जुन्या सर्व्हरवर बसवल्याशिवाय तो बंद करू नये. जुनी लिंक उघडणाऱ्याला सरसकट मुखपृष्ठावर नेऊन सोडणे सर्वांत वाईट. सर्व्हर ‘सर्व ठीक’ असा २०० चा संकेत देतो, लिंक तपासणाऱ्या प्रणालीला काही कळत नाही आणि तुटलेली लिंक वर्षानुवर्षे तशीच राहते. संकेतस्थळ उभारणीच्या निविदेत ही यादी आणि पुनर्निर्देशन या अटी घातल्या, आणि त्यांची तपासणी होईपर्यंत कंत्राटदाराचे अंतिम देयक रोखून धरले, तर हे काम नक्की होईल.

— विधी ग्रंथालयात काम करणारे एक ग्रंथपाल, इंदूर