डबा तसाच परत येतो तेव्हा

मा. संपादक,
स.न.

मी इंदूरची. तुमचा पेपर आमच्या भागात कागदावर येत नाही, सकाळी चहाबरोबर मोबाईलवर वाचते. विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यावर तुमच्याकडे अधूनमधून लेख येतात, चांगले असतात, त्यात शाळा असते, आईबाप असतात, समुपदेशक असतो, मोबाईलला शिव्या असतात. फक्त घरापासून लांब राहणारं पोरगं जेवतं कुठे आणि झोपतं कुठे ते कधीच नसतं, म्हणून हे पत्र. लांबलं तर खुशाल कापा पण खाली एक नंबर दिलाय तेवढा ठेवा.

भंवरकुव्याजवळ माझी टिफिन सर्विस आहे. त्या चौकाचं नाव आता टंट्या भील चौराहा झालंय पण रिक्षावाल्याला अजून भंवरकुवाच सांगावं लागतं. सतरा वर्षं झाली, सध्या 62 डबे जातात, दोन्ही वेळचे. मुलं बडवानी, खरगोन, झाबुआ, धार, बुऱ्हाणपूर कुठून कुठून येतात, कोणी नीटवाला कोणी जेईईवाला, आणि एमपीपीएससीचं म्हणजे मध्य प्रदेश लोकसेवा आयोगाचं ऑफिसच इंदूरला असल्यामुळे ती मंडळी तर पाच पाच वर्षं इथेच. बुऱ्हाणपूरकडची मराठी मुलं काकू म्हणतात, बाकी सगळ्यांची मी आंटी.

आता तुम्हाला वाटेल डबेवालीला मानसिक आरोग्यातलं काय कळतं. काही कळत नाही. पण डबा कळतो. पोळ्या गेल्या आणि भाजी परत आली म्हणजे त्या दिवशी गिलकी होती. वरणभात राहिला म्हणजे संध्याकाळी कचोरी हाणली. रविवारी रात्री सात आठ डबे परत येतात म्हणजे पोरं छप्पन दुकानला नाहीतर सराफ्यात खायला गेलीत, आपण समजून घ्यायचं. पण एखादा डबा सकाळ संध्याकाळ क्लिपसुद्धा न उघडता येतो, मी झाकण काढते आणि आंबलेल्या वरणाचा वास येतो, लागोपाठ तीन दिवस, तेव्हा ते भाजीचं प्रकरण नसतं.

दोन वर्षांपूर्वी श्रावणात असंच झालं. मुलाचं नावगाव सांगत नाही, सतरा वर्षांचा होता. आधी तो रिकाम्या डब्यात चिठ्ठी टाकायचा, आंटी मिर्ची कम, आंटी आज कढी मस्त थी, एकदा नुसता अंगठा काढून पाठवला होता. कोचिंगमध्ये वरच्या बॅचमधून त्याला खालच्या बॅचला टाकलं आणि चिठ्ठ्या बंद झाल्या, मग डबे तसेच यायला लागले. डबे पोचवतो त्या पोराला विचारलं तर म्हणाला, आंटी वो दरवाजा नहीं खोलता, बोलता है बाहर रख दो.

मी गेले. तिसरा मजला, माझे गुडघे, जाऊ दे. दार अर्धवट उघडलं, खिडकीला आतून पेपर चिकटवलेला, दुपारी दोनला अंधार. आणि मी काय बोलले असेन, सगळे बोलतात तेच. अरे एवढं काय मनाला लावून घेतोस, तुझ्या वयाचे असताना आम्ही काय काय सहन केलं, आईबाप पोटाला चिमटा काढून पैसे पाठवतायत त्यांचा तरी विचार कर. तो हो आंटी हो आंटी म्हणाला आणि दार लावून घेतलं. जिना उतरताना मला वाटलं चला समजावलं. संध्याकाळचा डबा पुन्हा तसाच आला.

रात्री भाचीचा फोन होता, ती समाजकार्य शिकते, तिला सहज सांगितलं तर ती एकदम ओरडलीच, मावशी 14416 लाव, आत्ता लाव. हा टेली मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा नंबर, केंद्र सरकारने ऑक्टोबर 2022 मध्ये सुरू केला, चोवीस तास, फुकट, वीस भाषांमध्ये. मला वाटलं होतं सरकारी नंबर आहे, वाजत राहील. लागला. आणि समोरची बाई मराठीत बोलली! इंदुरात बसून एवढ्या रात्री कोणीतरी आपल्या भाषेत सावकाश विचारतंय, मुलगा आत्ता एकटा आहे का, तुम्ही त्याच्यापर्यंत जाऊ शकता का. तिने सांगितलं उपदेश करू नका, कमी बोला, शेजारी बसा, आणि त्याला सरळ विचारा की जीव द्यायचे विचार मनात येतात का. मी घाबरले, म्हणलं अहो असं विचारून आपणच डोक्यात घालायचं का. ती म्हणाली विचारल्याने कोणाच्या डोक्यात जात नाही, उलट कोणीतरी विचारलं याने माणूस मोकळा होतो. हे पुढे भाचीनेही सांगितलं, जागतिक आरोग्य संघटनेचंही म्हणणं तेच आहे.

माझा सोमवारचा उपास होता, साबुदाण्याची खिचडी उरली होती ती घेऊन यजमानांना बरोबर घेतलं आणि पुन्हा ते तीन मजले चढले. खाली फरशीवर बसले. वीसेक मिनिटं कोणी काही बोललं नाही, शेजारच्या रूममध्ये कोणीतरी मोठ्याने ऑरगॅनिक केमिस्ट्री पाठ करत होतं. मग विचारलं. ते वाक्य मला मराठीत जमेना आणि हिंदीतही जमेना, कसंबसं तुटक तुटक विचारलं. त्याने मान हलवली आणि जो रडायला लागला. त्या रात्री त्याला आमच्याकडेच आणलं, एकटं सोडलं नाही, घरी फोन केला, सकाळच्या बसने वडील आले.

वडिलांचंही सांगते कारण ते फार महत्त्वाचं आहे. दिवसभर गप्प होते, डॉक्टरला दाखवू म्हणलं तर पहिला शब्द तोंडातून निघाला तो बाणगंगा. इंदूरबाहेरच्या वाचकांसाठी, बाणगंगेला आमचं सरकारी मानसिक रुग्णालय आहे आणि इथे कोणाला वेडा म्हणायचं तर बाणगंगा भेज दो म्हणतात, लहानपणी आम्हीही म्हणलंय. तिथे उपचार होतात, जुनं रुग्णालय आहे, पण ते नाव घेतलं की आईबापाचे पाय लटपटतात. त्यांना वाटत होतं नाव लागेल, पोलीस येतील, पुढे नोकरी मिळणार नाही. मग यजमानांनी त्यांना समजावलं की मानसिक आरोग्याचा 2017 चा कायदा आहे, त्यात तर प्रत्यक्ष जीव द्यायचा प्रयत्न करणाऱ्यालासुद्धा गुन्हेगार न मानता तो प्रचंड ताणाखाली होता असंच धरायचं सांगितलंय, आणि इथे तर पोराने फक्त मनातलं सांगितलंय. पटलं की नाही माहीत नाही पण डॉक्टरकडे गेले. औषध झालं, घरी गेला, कोचिंग सुटलं. आता बी फार्मला आहे, दिवाळीला मेसेज करतो, नीटचं नाव काढत नाही, मीही काढत नाही.

सगळ्या वेळी असं होतं असं समजू नका. त्याच्या आधीच्या वर्षी एका मुलीचे डबे असेच परत येत होते आणि मी महिन्याच्या हिशोबात तिचे अर्धे पैसे कमी केले, मला वाटलं मी किती प्रामाणिक. पुढच्या महिन्यात ती रूम सोडून घरी निघून गेली. का गेली, कशी आहे, मला आजपर्यंत कळलेलं नाही, मी विचारलंच नव्हतं.

भाचीने मला नंतर एक त्रिकोण काढून दाखवला. 2007 मध्ये मोठमोठ्या आंतरराष्ट्रीय संस्थांनी मिळून संकटातल्या लोकांच्या मानसिक मदतीसाठी तो केला होता. सगळ्यात खाली अन्न, निवारा, सुरक्षितता. त्याच्यावर घरचे, शेजारी, ओळखीपाळखीचे. त्याच्यावर थोडं प्रशिक्षण घेतलेली साधी माणसं. आणि अगदी टोकाला छोट्याशा जागेत मानसोपचाराचे डॉक्टर. म्हणजे मनोसामाजिक आधार असा जो भारदस्त शब्द आहे त्यात तळाच्या थरात माझा डबा बसतो की! आणि आपली सगळी चर्चा टोकाची. डॉक्टर कमी आहेत, समुपदेशक कमी आहेत. कमी आहेतच, पण खालचे थर मोकळे ठेवून वर कितीही माणसं बसवली तरी पोरगं तिथपर्यंत पोचणार कसं, त्याने तर दारच उघडलं नव्हतं.

25 जुलै 2025 ला सुप्रीम कोर्टाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबद्दल मार्गदर्शक सूचना दिल्या. 100 किंवा जास्त विद्यार्थी असतील तिथे किमान एक समुपदेशक हवा, मार्कांवरून शक्यतो बॅच वेगळ्या करू नका, टेली मानसचा नंबर वर्गात हॉस्टेलमध्ये ठळक लावा, आणि शिकवणाऱ्या व न शिकवणाऱ्या सगळ्या स्टाफला वर्षातून दोनदा ट्रेनिंग, त्यात मानसिक प्रथमोपचार, धोक्याच्या खुणा ओळखणं हे सगळं. कोचिंगही त्यात आलं, हॉस्टेलही आलं. वाचून मला खरंच बरं वाटलं, त्या पोराच्या वेळी हे असतं तर. पण संपादक साहेब, माझी बहुतेक पोरं हॉस्टेलमध्ये नाहीतच. ती राहतात कोणाच्या तरी घराच्या वरच्या मजल्यावर, एका मजल्यावर सहा रूम काढलेल्या, ना वॉर्डन ना रजिस्टर, घरमालक महिन्यातून एकदा भाड्याला भेटतो. त्यांना रोज बघणारी माणसं कोण, तर डबेवाली, डबे पोचवणारा पोरगा, खालचा चहावाला, लायब्ररीत खुर्ची भाड्याने देणारा, कपडे इस्त्री करणारा. यातला कोणी कोचिंगचा स्टाफ नाही त्यामुळे ट्रेनिंग आम्हाला कोण देणार. या सूचना पाळल्या जातात की नाही हे बघायला जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली समिती करायला सांगितलंय, माझं म्हणणं एवढंच की त्या समितीने आम्हालाही मोजावं. दोन दिवस द्या आम्हाला. बघा, ऐका, योग्य मदतीशी जोडून द्या, मानसिक प्रथमोपचार म्हणजे मुळात एवढंच असतं म्हणतात, त्यासाठी डिग्री लागत नाही. मी पहिल्या खेपेला जे बोलले ते बोलू नये, एवढं जरी मला आधी कोणी सांगितलं असतं!

अवघड आहे म्हणू नका. याच शहराने 2017 पासून स्वच्छतेत नंबर काढला तो काय नुसत्या गाड्या घेऊन काढला का, गल्लीत गाणं वाजवत गाडी फिरवली आणि सत्तरीच्या आजींपासून शेंबड्या पोरापर्यंत सगळ्यांना ओला कचरा कुठे आणि सुका कुठे ते तोंडपाठ करून घेतलं. माझी सासू डायपरचा डबा वेगळा ठेवायची, घरात बाळ नसताना.

आकड्यांशिवाय लोक ऐकत नाहीत म्हणून देते. एनसीआरबीच्या म्हणजे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या नोंदीत 2022 या एका वर्षात देशात 13,044 विद्यार्थ्यांनी जीव दिला, राज्यांच्या यादीत महाराष्ट्र, तमिळनाडू आणि मग आमचं मध्य प्रदेश. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेच्या 2015-16 च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात 13 ते 17 वयाच्या मुलांत मानसिक आजाराचं प्रमाण 7.3 टक्के निघालं होतं. माझी पोरं त्याहून जरा मोठी आहेत, पण तोच हिशोब धरला तर 62 डब्यांत साडेचार डबे झाले. रोज रात्री भांडी घासताना मी ते साडेचार कुठले हे शोधत असते.

आणि हो, लहान पोरांचंही लिहायचं राहिलं. शिक्षण मंत्रालयाने जानेवारी 2024 मध्ये सांगितलं होतं की 16 वर्षांखालच्या मुलांना कोचिंगमध्ये घेऊ नका, दहावी होऊ दे. माझ्याकडे आत्ता नववीतल्या तिघांचे डबे आहेत, फाउंडेशन बॅच म्हणतात त्याला. त्यातला एक जण दर दोन दिवसांनी सांगतो पोट दुखतंय. मी सुरुवातीला माझ्या तेलाला दोष देत होते, तेल बदललं, तिखट कमी केलं. नंतर लक्षात आलं की पोट फक्त टेस्टच्या आदल्या दिवशी दुखतं. पंधरा वर्षांचं पोर मला भीती वाटतेय असं म्हणत नाही, त्याला तो शब्दच सापडत नाही, पोट सापडतं. त्याच्या आईला फोन केलाय, येते म्हणालीय शनिवारी.

माझ्याकडून मी जमेल ते केलंय. सगळ्या 62 डब्यांच्या झाकणावर आतल्या बाजूने 14416 चं स्टिकर लावलं होतं, आतल्या बाजूने अशासाठी की रूममेटसमोर लाज वाटू नये, उघडेल त्यालाच दिसेल. पण गरम वाफेने आणि सोड्याच्या पाण्याने दोन धुण्यांत सुटतं आणि एकाच्या भाजीत निघालं, त्यावरून बोलणी खाल्ली ती वेगळी. आता स्टीलवर नंबर कोरून घ्यायचा विचार आहे, जुन्या काळी भांड्यांवर नाव घालायचो तसा. कसेरा बाजारात चौकशी केली तर अक्षराप्रमाणे पैसे सांगितले, पाच आकडे गुणिले 62. कोणी वाचक स्वस्तात करून देणारा असेल तर तुमच्यामार्फत कळवावं.

आपली,
एक डबेवाली काकू
इंदूर
(नाव छापू नये, पोरं ओळखतील.)