ट्यूनरकाका, भर पावसातल्या त्या दोन दिवसांबद्दल आभार

आदरणीय काका,
सादर नमस्कार.

ठाण्यातल्या रविवारच्या पियानोवादनात टाळ्या वादकाला मिळाल्या, त्या त्यांच्या हक्काच्याच होत्या. पण शनिवारी सकाळपासून तुम्ही त्या ग्रँड पियानोत काय काय केलंत, हे सभागृहातल्या फार थोड्यांना ठाऊक आहे. म्हणून हे पत्र उघड, सगळ्यांना वाचता येईल असं लिहीत आहोत.

सतारिया आपली सतार घेऊन येतो, बासरीवादक बासरी. पियानोवादकाला हे सुख नाही. नऊ फुटांचं, पाचशे किलोंच्या आसपासचं वाद्य कुठे कुठे नेणार? विख्यात पियानोवादक व्लादिमीर होरोविट्झ आपला स्टाइनवे कंपनीचा पियानो दौऱ्यावर नेत, पण तो अपवाद. बाकीच्यांच्या वाट्याला दर मैफलीला परकं वाद्य येतं, हाताशी दोन-तीन तास असतात, आणि संध्याकाळी तेच जन्मभराचं असल्यासारखं वाजवायचं असतं. लहानपणापासूनचा सगळा रियाज त्या घटकेला ट्यूनरच्या पान्यावर अवलंबून असतो.

त्यात आपलं हे खाडीकाठचं शहर. पावसाळ्यात हवेतली आर्द्रता ८०-९० टक्क्यांवर जाते, पियानोला ५०च्या आसपास मानवते. साउंडबोर्डचं, म्हणजे तारांखालच्या आवाज घुमवणाऱ्या मोठ्या फळीचं, लाकूड ओलावा पिऊन फुगतं, वर उचललं जातं आणि तारा ताणल्या जातात. मधली सप्तकं जास्त चढतात, दोन्ही टोकं कमी. म्हणजे पियानो नुसता चढत नाही, स्वतःशीच बेसूर होतो.

म्हणूनच तुमची पहिली सूचना पाना हातात घेण्याआधीची होती: पियानो स्टेजवर ठरल्या जागी आदल्या दिवशीच ठेवा, एसी तेव्हापासून चालू ठेवा आणि त्याचा झोत वाद्यावर येऊ देऊ नका. गार वाऱ्याने तारा आखडून लगेच चढतात, लाकूड मात्र सावकाश सुकतं आणि सूर मागाहून उतरत राहतो. कार्यक्रमापुरता एसी लावणाऱ्या सभागृहांत मध्यंतरापर्यंत ट्यूनिंग का बिघडतं, त्याचं उत्तर हे आहे.

मग सूर. पियानोत पट्ट्या ८८, पण तारा सुमारे २३०, कारण बहुतेक सुरांना तीन-तीन तारा असतात. तुम्ही फेल्टची (दाबलेल्या लोकरीची) लांब फीत खोचून कडेच्या तारा मुक्या केल्यात, ट्यूनिंग फोर्कवरून ए ४४० हर्ट्झला लावलात आणि त्यावरून मधलं एक सप्तक बांधलंत. एफ आणि ए (एफला सा मानलं, तर ए हा त्याचा गंधार) एकत्र वाजवले की आवाज लहान-मोठा होत सेकंदाला साधारण सात लाटा ऐकू यायला हव्यात, आणि तिथून एकेक पट्टी वर जाताना त्यांचा वेग हळूहळू वाढायला हवा. तंबोऱ्याच्या स्वयंभू गंधारावर वाढलेल्या कानाला इथे चुकल्यासारखं वाटतं. पियानोचा गंधार त्याहून सुमारे १४ सेंट (सेंट म्हणजे लगतच्या दोन सुरांमधल्या अंतराचा शंभरावा भाग) चढाच ठेवावा लागतो, नाहीतर बारा सुरांपैकी काहींना सा मानून वाजवलेलं गोड आणि काहींना मानून वाजवलेलं कडू लागेल. त्या सप्तकावरून वरची आणि खालची सप्तकं लावून झाली, की शेवटी फेल्ट काढून तिन्ही तारा एकजीव करायच्या. प्रत्येक तार किंचित वर नेऊन खाली बसवायची आणि पट्टीवर जोरात ठोका द्यायचा. हा ठोका टाळला, तर वादकाने पहिल्यांदा जोर लावताच तार घसरते.

मधला डी दाबला की वर येत नव्हता. अशा वेळी लोक फटीत तेल सोडतात, आणि तेल प्यायलेलं लाकूड आणि कापड पुन्हा नीट होत नाही. तुम्ही पुढची फळी काढून ॲक्शन, म्हणजे पट्ट्या आणि हॅमर यांची सगळी यंत्रणा, ड्रॉवरसारखी पुढे ओढलीत. पट्ट्यांना बोट लागणार नाही याची किती काळजी घेत होतात! त्या क्षणी एक पट्टी दबली, तरी तिचा हॅमर (तारेवर आदळणारा फेल्ट मढवलेला हातोडा) उठतो, वरच्या लाकडाला अडकतो आणि त्याची दांडी मोडते. दोष निघाला पट्टीच्या पोटातल्या खाचेत: पिनेभोवतीचं लाल लोकरी कापड ओलाव्याने फुगलं होतं. खास पकडीने ते दोन्ही बाजूंनी हलकेच दाबलंत, एवढंच. पट्टी मोकळी झाली.

वादकांची तक्रार निराळी होती: अगदी हळू वाजवलं की सूर उमटतच नाही. हॅमर तारेपासून दीड-दोन मिलिमीटरवर असताना त्याला ढकलणाऱ्या यंत्रणेतून सुटायला हवा, तो चार मिलिमीटरवर सुटत होता. इतक्या दुरून, हळू उडालेला हॅमर तारेपर्यंत पोहोचत नाही. अंतर फार कमी केलं, तर तो तारेला चिकटून आवाज दाबून टाकतो. तुम्ही ८८ पट्ट्यांचे ८८ स्क्रू एकेक करून लावलेत. वरच्या सप्तकातले काही सूर टोचत होते. त्या हॅमरच्या फेल्टमध्ये, टोकावर नाही तर खांद्यांवर, सुया टोचून ते मऊ केलेत. मिरजेत तंबोऱ्याची जवारी लावतात, त्याच जातीचं हे काम. एक टोचणी जास्त झाली, तर ती परत घेता येत नाही.

मध्यंतरात लोक चहाला गेले, तेव्हा तुम्ही पुन्हा स्टेजवर होतात. पंधरा मिनिटांत हललेल्या तीन सुरांच्या तारा फक्त एकमेकींशी जुळवल्यात. तेवढ्या वेळात बाकी कशाला हात लावायचा नाही, हे कळायलाही वर्षं जातात.

उत्तरार्धात वादक इतकं हळू वाजवत होते की एसीची घरघर ऐकू येत होती. तरी एकही सूर मुका गेला नाही. काका, यासाठी मनापासून आभार.

तुम्ही सांगितल्याप्रमाणे पियानोजवळ आर्द्रतामापक ठेवला आहे, सकाळ-संध्याकाळ आकडा वहीत लिहितो. काल संध्याकाळी ६१ होता. पाऊस ओसरून लाकूड सुकलं की सूर उतरणारच, तेव्हा दिवाळीनंतरचा एखादा दिवस आमच्यासाठी राखून ठेवा.

आपले नम्र,
ठाण्यातले पियानोशिक्षक