भाकर पुढे गेली तो रविवार

प्रिय मित्रा,

सप्रेम सलाम.

दिवाळीत एसटी सुटता सुटता तू विचारलंस, "रविवारच्या उपासनेत तुला नक्की काय मिळतं रे?" खिडकीतून सांगण्याजोगं ते नव्हतं, म्हणून आज बसून लिहितोय.

तुमच्या सप्त्याला मी टाळ धरायचो आणि नाताळच्या कीर्तनाला तू आमच्याकडे यायचास. तुला वाटायचं, चाल आपलीच आहे, देव तेवढा निराळा. ते खोटं नव्हतं. 1895 साली बाप्तिस्मा घेतलेले कवी ना. वा. टिळक म्हणत की, आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. त्यांचीच गीतं आम्ही दर रविवारी पेटी-तबल्यावर गातो. मीही गायचो, पण आतून कोरडा होतो. गाताना डोळे भरले तर देव भेटला, नाही भरले तर रविवार फुकट, असा माझा हिशेब. उपास केले, रात्रभराच्या प्रार्थना केल्या. पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनलाही जाऊन आलो. तिथे 1905 साली मुली आपापली पापं कबूल करत ढसाढसा रडल्या होत्या. मला त्यांचं रडणं हवं होतं. कबुली नको होती.

आता जे लिहितो ते तुलाही ठाऊक नाही. सामाईक विहिरीच्या पाळीवरून अण्णाचं आणि माझं बिनसलं, तो उन्हाळा आठव. त्याच्या पाळीच्या रात्री मी मोटारीच्या पेटीतला फ्यूज काढून आणला. एकदा नाही, तीनदा. त्याचा कांदा वाळला. त्याने सगळा दोष वायरमनला दिला आणि मी गप्प बसलो. फ्यूज बियाण्याच्या डब्यात तीन वर्षं पडून होता.

या पावसाळ्यात महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन होतं, म्हणजे येशूच्या शेवटच्या जेवणाची आठवण. आम्ही भाकर म्हणतो, असतात पावाचे बारीक तुकडे, आणि बोटभर प्याल्यांत द्राक्षरस. त्याआधी प्रत्येकाने आत्मपरीक्षा करायची असते. पाळकांनी बायबलातल्या मत्तयाचा पाचवा अध्याय वाचला: वेदीजवळ दान आणलंस आणि भावाचं तुझ्याविरुद्ध काही आहे असं आठवलं, तर दान तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर. हे मी लहानपणापासून ऐकत आलोय. त्या दिवशी मात्र अण्णा माझ्यापुढे दोनच बाकं सोडून बसला होता, त्याची मान मला दिसत होती. ताट माझ्यापर्यंत आलं. हात उचलेना. मी ते तसंच पुढे दिलं. बायकोने माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांत टिपूस नव्हता, पण देव इतका जवळ मला कधीच वाटला नव्हता, आणि त्याची भीती वाटली.

आशीर्वाद होताच घरी आलो, डबा उघडला आणि फ्यूज खिशात टाकून अण्णाच्या ओट्यावर गेलो. तीन वर्षांत पहिल्यांदा. सगळं सांगितलं, कांद्याचे पैसे भरून देईन म्हणालो. त्याने फ्यूज उपरण्याने पुसला, उलटसुलट करून पाहिला आणि एवढंच बोलला, "त्या वायरमनला मी आईबापावरून शिव्या दिल्या होत्या." मग उठून आत गेला. वहिनीने पाणी आणून दिलं.

मित्रा, मी माफी मागितली की तो गळ्यात पडेल, असं मला वाटत होतं. तसं झालं नाही. पुढचे दोन महिने तो बोललाच नाही. पण मी बदललो होतो. गीतातलं 'मी पापी' म्हणताना पूर्वी जीभ सहज वळायची, आता अडखळते, कारण आता ते पाप कोणतं हे मला ठाऊक आहे. आणि क्षमा हा शब्द आला की पोटात काहीतरी हलतं. वायरमनलाही शोधून भेटलो. पैशाचा पहिला हप्ता अण्णाने घेतला, मोजला नाही.

या महिन्यात मी भाकर घेतली. काल अण्णाचा धाकटा सायकलवरून निरोप घेऊन आला, "काका, मंगळवारची रात्र तुमची. बाबा म्हणाले, टॉर्च आणा, मी पण येतोय."

नाताळच्या कीर्तनाला ये. टाळ घेऊन ये, आमचा एक जोड फुटलाय.

तुझाच,
बालमित्र