तोच देह परत का मागता?

नवापूर,
ईस्टरनंतरचा बुधवार

प्रिय मित्रा,

सप्रेम सलाम.

तुझं पत्र पोचलं. केळीच्या बागेला पाण्याच्या पाळ्या, वर हे ऊन, आणि तरी तू बसून चार पानं लिहिलीस. आईला वाचून दाखवलं. ऐकून ती बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, "याला नीट उत्तर लिही. घाईत नको." म्हणून आज शाळेला सुट्टी आहे तेव्हा बसलोय.

छोटीच्या, माझ्या धाकट्या बहिणीच्या, दफनानंतर तू विचारलेला प्रश्न मी तुझ्याच शब्दांत पुन्हा लिहितो, म्हणजे उत्तर भलतीकडे जाणार नाही. छोटीचा देह तिला जन्मभर छळत आला. थंडी पडली की हाडं ठणकायची, सांधे सुजायचे, रात्ररात्र ती विव्हळायची. त्या देहातून ती एकदाची मोकळी झाली. मग कबरीवर उभं राहून तुम्ही देहाच्या पुनरुत्थानाची प्रार्थना का केली? तोच देह परत का मागता?

दफनाला इतकी माणसं आली होती, पण हे विचारायचं धाडस तूच केलंस. तुझा तो हक्कही आहे. धुळ्याला आपल्या खोलीवर ती माझ्यासोबत आली की "आधी पाणी पी, मग बोल" असं तिला दटावणारा तूच होतास. सिकलसेलच्या, म्हणजे तिच्या त्या रक्ताच्या जन्मजात आजाराच्या, पेशंटला पाणी कमी पडून चालत नाही, हे तू माझ्याआधी कुठूनतरी वाचून आला होतास.

तर ऐक. आम्ही तिचं दुखणं परत मागत नाही. आम्ही तिला परत मागतो, आणि देह वगळून ती आम्हाला कधी भेटलीच नव्हती. संडे स्कूलच्या पोरांना मावची बोलीत गाणी शिकवताना ती बोटांनी ताल धरायची. ती बोटं सुजलेली असायची, पण ताल कधी चुकला नाही. हसताना तोंडावर पदर घ्यायची. हे सगळं देहातच होतं ना रे? तू लहानपणापासून ऐकत आलास की देह हे जुनं वस्त्र, आत्मा ते टाकून पुढे जातो. त्या विचाराच्या आधाराने तुझ्या घराने किती मरणं सोसली, ते मी जवळून पाहिलंय, त्यामुळे त्याच्याविषयी मी हलकं बोलणार नाही. पण आमचा शास्त्राभ्यास दुसऱ्या टोकापासून सुरू होतो. देवाने मातीतून माणूस घडवला आणि जे केलं ते पाहून फार चांगलं म्हटलं. त्या मातीच्या देहाबद्दल त्याचं मत अजून बदललेलं नाही. बिघडलाय तो देह, आणि बिघडवणाऱ्याला प्रेषित पौल, ज्याची पत्रं बायबलमध्ये आहेत तो, सरळ नाव देतो: शत्रू. नाश व्हायचा शेवटचा शत्रू म्हणजे मरण. तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, रक्त पुढे सरकत नाही आणि पोर किंचाळते. हे त्याच शत्रूचं काम. मरण म्हणजे सुटका, असं मला छोटीच्या उशाशी बसून एकदाही वाटलं नाही.

तुझाच प्रश्न फार पूर्वी करिंथमधल्या लोकांनी विचारला होता. ते ग्रीक शहर. आत्मा टिकतो हे त्यांना पटायचं, पण देह परत उठतो म्हटलं की ते विचारायचे, मेलेले उठणार तरी कसे आणि कसल्या देहाने येणार? पौलाने त्यांना साधारण इ.स. 55 च्या सुमारास पत्र लिहिलं, म्हणजे येशूच्या वधस्तंभानंतर जेमतेम वीस-पंचवीस वर्षं झाली होती. त्यात तो आधी साक्षीदार मोजतो. ख्रिस्त पेत्राला दिसला, बारा जणांना दिसला, मग एकाच वेळी पाचशेहून जास्त बंधूंना दिसला, आणि त्यातले बहुतेक अजून हयात आहेत. हयात आहेत, याचा अर्थ जा आणि विचारा. मला या शब्दांचा फार आधार वाटतो. शिवाय कबर रिकामी आहे हे पहिल्यांदा सांगत आल्या त्या बायका. त्या काळी बायकांच्या साक्षीला फारशी किंमत नव्हती, आणि शिष्यांनाही ती आधी बडबडच वाटली. कुणी गोष्ट रचायला बसलं असतं तर त्यांना पुढे केलं नसतं.

मग पौल दाण्याचं उदाहरण देतो. ते तुला माझ्यापेक्षा जास्त कळेल. पेरतो तो नुसता दाणा, उगवतं ते त्याच दाण्याचं, पण काय रूप घेऊन! जमिनीत सरकी टाकताना बोंडांनी पांढरं झालेलं शेत हातात नसतं. तसं हे. अशक्त असा पेरला जातो, सामर्थ्याने उठतो. छोटीला परत मिळेल तो देह तिचाच असेल, पण त्यातलं रक्त अडकणार नाही.

आणि येशू स्वतः उठला तो कसा, ते बघ. भूत नव्हता तो. शिष्यांपुढे भाजलेला मासा खाल्ला. शंका घेणाऱ्या थोमा नावाच्या शिष्याला हाताचे घाव दाखवले. घाव तसेच होते रे, बुजले नव्हते, पण त्या घावांची वेदना उरली नव्हती. आईचा सगळा विश्वास सध्या या एका गोष्टीवर उभा आहे. ती म्हणते, पोरीने जे सोसलं ते देव पुसून टाकणार नाही, तिच्यापाशी ते राहील, फक्त दुखणार नाही.

दफनाच्या दिवशी कुणीतरी आईला म्हणालं, "विश्वासी माणसाने रडू नये." मी तिथेच बोललो असतो, पण ती वेळ नव्हती. तुला लिहितो. लाजर हा येशूचा मित्र मेला, त्याला आपण उठवणार हे येशूला ठाऊक होतं, तरी त्याच्या बहिणीला रडताना पाहून तो रडला. पौल थेस्सलनीकाच्या मंडळीला, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती लोकांना, लिहितो की ज्यांना आशा नाही त्यांच्यासारखा खेद करू नका. खेदच करू नका, असं तो कुठेही म्हणत नाही. आई रोज रडते. रडू दे.

यंदा ईस्टरची पहाटेची उपासना आम्ही कबरस्तानात केली. अंधार होता, पोरांच्या हातात मेणबत्त्या. कबरींना चुना दिलेला, छोटीच्या कबरीची माती मात्र अजून खाली बसलेली नाही. पाळक म्हणाले, "ख्रिस्त उठला आहे," आणि सगळ्यांनी जोरात उत्तर दिलं, "खरोखर उठला आहे." माझा आवाज फुटेना. आईचा फुटला. मंडळी गाऊ लागली, तेव्हा छोटीच्या वर्गातल्या पोरांनी तिनेच शिकवलेलं मावची गाणं मध्येच सुरू केलं, कुणी सांगितलं नव्हतं, आणि मोठी माणसं आपलं गाणं थांबवून त्यांच्यात मिसळली.

आता देवाच्या राज्याबद्दल. तू लिहिलंस की तुमचं ते राज्य म्हणजे ढगांवरचा स्वर्ग ना. आमच्यातलेही पुष्कळ तसंच समजतात. पण प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेत आम्ही रोज मागतो की तुझं राज्य येवो, आणि जसं स्वर्गात तसं पृथ्वीवरही तुझ्या इच्छेप्रमाणे होवो. म्हणजे राज्य इकडे यायचंय. बायबलच्या शेवटच्या पुस्तकाच्या, प्रकटीकरणाच्या, शेवटीही माणसं वर जात नाहीत, नगरी खाली उतरते आणि देव माणसांत राहायला येतो. काही जण त्याच्या तारखा सांगत फिरतात, त्यांच्या सभांना मी जात नाही. तो दिवस आणि ती घटका कुणालाही ठाऊक नाही, असं येशूनेच सांगितल्यावर आणखी कुणाचं ऐकायचं?

यशया संदेष्ट्याच्या 65व्या अध्यायात नव्या पृथ्वीचं वर्णन आहे. थोडे दिवस जगून मरणारं तान्हं बाळ तिथे नसेल. लोक घरं बांधतील आणि त्यांत स्वतः राहतील, मळे लावतील आणि फळ स्वतः खातील. एकाने बांधायचं आणि दुसऱ्याने राहायचं, असं तिथे होणार नाही. ज्यांची घरंदारं बाबेलच्या सैन्याने उद्ध्वस्त केली होती, त्या लोकांना दिलेलं हे वचन. मंडळीत हा अध्याय वाचला जातो तेव्हा मी मागच्या बाकांकडे बघतो. उकाई धरण 1972 साली झालं, त्याच्या फुगवट्यात तापीकाठची कितीतरी गावं गेली, इकडचीही आणि गुजरातेतलीही. त्या पाण्याखालच्या शेतांची नावं अजून सांगणारी म्हातारी माणसं त्या बाकांवर असतात. दिवाळीनंतर उचल घेऊन मुकादमाच्या टोळीबरोबर ऊसतोडीला गुजरातेत जाणारी जोडपी असतात. ऊस दुसऱ्याचा, झोपडी पाचटाची. त्यांना ढगांवरचा स्वर्ग सांगून काय उपयोग? स्वतःच्या घरात स्वतः राहायचं, स्वतः पेरलेलं स्वतः खायचं, हे देवाचं वचन त्यांना पहिल्या वाचनात कळतं. त्याच्यावर त्यांचा हक्क आहे असं मी मानतो, आणि त्याची सुरुवात आजच व्हावी म्हणून भांडणं हीसुद्धा माझ्या मते प्रार्थनाच आहे.

पत्राच्या शेवटी तू एक ओळ लिहून खोडलीस. पण वाचता येते. "आणि आम्ही ज्यांना जाळतो, त्यांचं काय?"

इ.स. 177 मध्ये फ्रान्समधल्या ल्योन शहरात ख्रिस्ती लोकांना हालहाल करून मारलं. पुनरुत्थानाची आशाच उरू नये म्हणून त्यांचे देह आधी उघड्यावर टाकले, मग जाळले आणि राख ऱ्होन नदीत लोटून दिली. जे वाचले त्यांनी हे सगळं दूरच्या मंडळ्यांना पत्राने कळवलं, म्हणून आपल्याला ठाऊक आहे. त्या राखेमुळे त्यांची आशा बुडाली नाही. ज्याने मुळात मातीतून माणूस केला, त्याला राखेची किंवा नदीची अडचण कसली?

तात्यांच्या अस्थी चांगदेवला तापी-पूर्णेच्या संगमात सोडल्या तेव्हा मी तुझ्या शेजारी पाण्यात उभा होतो. त्यांचं पुढे काय, हे ठरवणं माझ्या हातात नाही, आणि ठरवल्यासारखं बोललो तर ते पाप होईल. ज्याच्या हातात ते आहे, तो एका मित्राच्या कबरीपाशी रडलेला आहे, एवढं मला ठाऊक आहे. माझ्या जेवणाची फी तात्यांनी न बोलता भरली होती, तेही त्याला ठाऊक आहे. मी त्यांचं नाव घेऊन प्रार्थना करतो. आखाजीला, अक्षय तृतीयेला, तू त्यांच्या नावाने घागर भरशील, वर खरबूज ठेवशील, तेव्हा माझीही आठवण असू दे.

आता एक काम. ऊसतोडीची कुटुंबं पावसाआधी परततात. त्यांच्या पोरांची सिकलसेल तपासणी करायची असं मंडळीतल्या तरुणांनी ठरवलंय. आईबाप दोघंही वाहक असले, म्हणजे स्वतः आजारी नसून रक्तात तो दोष बाळगणारे असले, तर प्रत्येक बाळंतपणात चारांत एक शक्यता रुग्ण मूल होण्याची, आणि बहुतेकांना आपण वाहक आहोत हेच माहीत नसतं. वेळेत कळलं तर हायड्रॉक्सियुरियाच्या गोळ्यांनी पुष्कळ पोरांचे वेदनेचे झटके कमी होतात. छोटीचं निदान फार उशिरा झालं होतं. सरकारी दवाखान्यातून किट मिळायचं बोलणं झालंय, पण रक्त घेणारे हात कमी पडताहेत. तुझा पुतण्या जळगावला लॅब टेक्निशियन आहे ना? त्याला दोन दिवस सुट्टी मिळेल का, विचारून कळव. तूही त्याच्याबरोबर ये. सूरत गाडीने आलात तर स्टेशनवर घ्यायला मी येतो.

वहिनींना सलाम, काकूंना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझाच,
नवापूरकर