गुपितांशिवायचा माहितीपट

प्रिय अरविंद,

तुझं पत्र मिळालं. आयबीतून, म्हणजे केंद्राच्या गुप्तचर खात्यातून निवृत्त झालास, आता माहितीपट करायचा म्हणतोस आणि लगेच पुढे लिहितोस, "जे सांगता येतं त्यात दम नाही, ज्यात दम आहे ते सांगता येत नाही." ते वाक्य मनातून जाईना, म्हणून सविस्तर लिहितोय.

रॉबर्ट बेअर तुला माहीत असणारच. अमेरिकेच्या सीआयए या गुप्तचर संस्थेत त्याने २१ वर्षं काढली; मद्रास, दिल्ली, बैरूत, दुशान्बे, उत्तर इराक. १८ एप्रिल १९८३ ला बैरूतच्या अमेरिकी वकिलातीत गाडीबॉम्बच्या स्फोटात ६३ माणसं मेली. तो स्फोट कुणी घडवला, हा प्रश्न त्याने कधी सोडला नाही. १९९७ मध्ये नोकरी सोडली आणि २००५ मध्ये ब्रिटनच्या चॅनल फोरवर आत्मघाती हल्लेखोरांवरचा त्याचा माहितीपट 'द कल्ट ऑफ द सुइसाइड बॉम्बर' आला. दिग्दर्शन दुसऱ्यांचं, कॅमेऱ्यासमोर हिंडून विचारणारा माणूस हा.

त्यात तो इराणमधल्या एका पोराची गोष्ट सांगतो. हुसेन फहमिदेह, वय १३. १९८० मध्ये खुर्रमशहरच्या लढाईत हातबॉम्ब घेऊन इराकी रणगाड्याखाली शिरला. इराणचे तेव्हाचे सर्वोच्च नेते खोमेनी यांनी त्याला आपला नेता म्हटलं. अरे, यात गुपित कसलं? तिथल्या शाळकरी मुलांनाही हे ठाऊक आहे. पण गुप्तचरांच्या फायलीत मरणाऱ्याचं नाव, गट आणि पैसा कुठून आला एवढंच असतं. घरी त्याला काय हाक मारायचे, हे तिथे कोण लिहिणार? माहितीपटाचा दम तिथेच आहे, असं मला मनापासून वाटतं.

परवानगीचं मात्र हलक्यात घेऊ नकोस. बेअरचं २००२ चं पुस्तकही सीआयएने तपासलं. गाळलेल्या ओळी त्यात काळ्या पट्ट्यांसकट छापल्या आहेत. आपल्याकडे ३१ मे २०२१ ला गुप्तचर आणि सुरक्षा संस्थांतून निवृत्त होणाऱ्यांसाठी पेन्शन नियम बदलले. आता नोकरीत मिळवलेलं ज्ञानसुद्धा संस्थाप्रमुखांच्या पूर्वपरवानगीशिवाय प्रसिद्ध करता येत नाही. हा नियम मला फार ऐसपैस वाटतो. पण पेन्शनवर वहिनींचाही संसार आहे, तेव्हा आधी अर्ज कर.

बाकी तुझ्याकडे जे आहे ते कुठल्या नियमात बसत नाही. महाडच्या स्टँडवर तू त्या म्हाताऱ्या कंडक्टरला फक्त "गाडी हल्ली उशिरा का सुटते?" एवढंच विचारलंस आणि गप्प बसलास. चहा निवेपर्यंत त्याने मुलाशी झालेल्या भांडणापर्यंत सगळं सांगितलं. मी इतकी वर्षं फिल्मचं संकलन करतोय. असं गप्प बसता येणारे फार थोडे पाहिलेत. बाकीचे मधेच बोलतात आणि चांगलं वाक्य हातचं जातं.

माझं ऐकशील तर रायगडच्या किनाऱ्यावरच्या शेखाडी गावाला जाऊ. १९९३ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या बॉम्बस्फोटांसाठीची स्फोटकं तिथे उतरली आणि गावाचं नाव देशभर झालं. पोलिसांनी विचारलं, वकिलांनी विचारलं. तेव्हा शाळेत असलेली पोरं आता पन्नाशीकडे आली असतील. पुढे बाहेरगावी गेल्यावर ती आपलं गाव कोणतं म्हणून सांगत असतील? हे कुणी विचारलेलं मी तरी ऐकलं नाही. तू स्वतःचं खरं नाव सांगून, पूर्वी काय करायचास तेही सांगून विचार. कुणी दार लावून घेतलं तर घेऊ दे.

विषय अर्जात स्पष्ट लिही आणि मसुदा पाठवण्याआधी मला दाखव. परवानगी आली की पहिल्या खेपेला कॅमेरा न्यायचा नाही, नुसतं भेटून यायचं. वहिनींना नमस्कार.

तुझा,
सुहास