दिनार अरबी नव्हे, रोमन

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत देशोदेशीच्या चलनांवर जी चौकट आली होती तिच्यात दिनार हा मूळ अरबी शब्द आहे असं छापलंय. माझा मेव्हणा कुवेतला असल्यामुळे दिनारचा भाव आमच्या घरात रोज निघतो, म्हणून म्हटलं लिहावंच.

मूळ शब्द लॅटिन, देनारियस. रोमन लोकांनी इसवी सनापूर्वी २११ च्या आसपास हे चांदीचं नाणं काढलं. लॅटिनमध्ये देनी म्हणजे दहा-दहा, आणि एका देनारियसचे दहा 'आस' यायचे, आस म्हणजे त्यांचं तांब्याचं नाणं. पुढे साधारण सत्तर वर्षांनी भाव बदलून सोळा आस झाले पण नाव दहाचंच राहिलं! नंतरच्या बादशहांनी चांदीत भेसळ करत करत नाण्याची पार वाट लावली, नाव मात्र सगळीकडे पसरलं. इटालियनमध्ये देनारो, स्पॅनिशमध्ये दिनेरो, पोर्तुगीजमध्ये दिन्येरो, म्हणजे चक्क पैसा. इंग्रजांच्या जुन्या हिशोबात पेनीसाठी पी न लिहिता डी लिहायचे तो डी पण ह्याचाच, १९७१ पर्यंत चालला.

आता आपल्याकडचं बघा. सांचीच्या स्तूपाच्या कठड्यावर दुसऱ्या चंद्रगुप्ताच्या काळातला लेख आहे, इ. स. ४१२-१३ चा, त्यात आम्रकार्दव नावाच्या माणसाने विहाराला २५ दीनार दिल्याचं लिहिलंय, त्यातून भिक्षूंना जेवण आणि दिव्याची सोय व्हावी म्हणून. अमरकोशातही दीनार आहे. अरबांचा स्वतःचा सोन्याचा दिनार खलिफा अब्द अल-मलिकने पाडला तो सातव्या शतकाच्या शेवटी, म्हणजे सांचीनंतर पावणेतीनशे वर्षांनी. (लगेच कुणी व्हॉट्सअपवर 'दिनार आपलाच संस्कृत शब्द' असं फिरवू नका, आपणही तो घेतलेलाच आहे. रोमन नाणी भडोच बंदरात उतरायची आणि ती बदलून घेण्यात नफा होता असं त्या काळच्या एका ग्रीक व्यापाऱ्यानेच लिहून ठेवलंय.) रोमन नाणं चांदीचं आणि गुप्तांचा दीनार सोन्याचा कसा, असं कुणी विचारेल, तर लॅटिनमध्ये सोन्याच्या नाण्यालाही 'सोन्याचा देनारियस' म्हणायचे.

मला सगळ्यात गंमत वाटली ती वेगळीच. मी भिवंडीत तीस वर्षं यंत्रमागाच्या धंद्यात आहे, दिवसातून शंभर वेळा डेनियर म्हणतो, ऐंशी डेनियर द्या, दीडशे नको जाड होतं वगैरे. नऊ हजार मीटर धागा जितके ग्रॅम भरेल तितका डेनियर, एवढंच माहीत होतं. तर हा डेनियर म्हणजे फ्रेंचांचं जुनं नाणं, तेही देनारियसवरूनच आलेलं, आणि रेशीम तोलताना वजन म्हणून ते नाव वापरायचे ते तसंच चिकटलं. म्हणजे मेव्हणा तिकडे दिनार कमावतो आणि मी इकडे डेनियर विकत घेतो, शब्द एकच, फक्त त्याचा भाव चढा आहे.

तरी पुढच्या अंकात तेवढी दुरुस्ती छापावी, आणि जागा असली तर डेनियरच्याही दोन ओळी टाका, आमच्याकडे कारखान्यात पेपर वाचणारे बरेच आहेत.

आपला,
एक वाचक, भिवंडी