गोरज

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

हॅम्बुर्गला जूनमध्ये सूर्य मावळला तरी उजेड जाता जात नाही, आणि या वेळेला मराठीत नेमकं काय म्हणायचं, असं तू विचारलंस. फोनवर एका शब्दात सांगून भागलं असतं, पण हा विषय माझ्या जिवाचा आहे, म्हणून लिहायला बसलो.

तिन्हीसांज, दिवेलागण, कातरवेळ हे शब्द तू घरात ऐकलेच आहेत. दिवेलागणीला आजी कुणाला लोळू द्यायची नाही की केरसुणीला हात लावू द्यायची नाही. पण माझा लाडका शब्द गोरज. रानातून परतणाऱ्या गायींच्या खुरांनी उडालेली धूळ म्हणजे गोरज, आणि ती उडते ती वेळही गोरजच. घड्याळ नसलेल्या माणसांनी वेळेला धुळीचं नाव दिलं, याचं मला अजून अप्रूप वाटतं.

माझ्या लहानपणी गावची गुरं बोरी नदीच्या काठानं गाडवाटेनं परत यायची. आधी धूळ दिसायची, मग घंटा ऐकू यायच्या, गुरं सगळ्यांत शेवटी. आपल्या काळ्या मातीची ती धूळ पिठासारखी मऊ, कडुनिंबाच्या खालच्या फांद्यांवर बसली की पानं राखाडी व्हायची. गोठ्यातली वासरं दावं ताणून हंबरायची. गायी आपापल्या बोळात आपणहून वळायच्या. आमची कपिला तर शिंगानं कवाड ढकलून आत यायची. तोवर माझ्या मायनं कंदिलाची काच राखेनं पुसून ठेवलेली असायची.

त्या वेळचा तांबूस रंग नुसत्या धुळीचा नव्हे. सूर्य क्षितिजाजवळ असला की त्याच्या तिरप्या किरणांना हवेचा फार लांबचा थर ओलांडावा लागतो. निळा प्रकाश वाटेतच विखुरतो, पिवळा-तांबडा तेवढा आपल्यापर्यंत पोचतो. आपल्याकडे सूर्य जवळजवळ सरळ खाली उतरतो, म्हणून मावळल्यावर तो क्षितिजाखाली सहा अंश जायला, म्हणजे दिव्याशिवाय नीट दिसेनासं व्हायला, तेवीस-चोवीस मिनिटंच लागतात. म्हणजे जुन्या हिशेबानं एक घटका! तुझ्याकडे जूनमध्ये तो इतका तिरपा जातो की त्याच सहा अंशांना पन्नासेक मिनिटं लागतात, आणि पुढेही रात्रभर उत्तरेला फिकट उजेड राहतोच. तुला तिथं संध्याकाळ अडकून पडल्यासारखी वाटते, त्याचं कारण हे.

आता मला सगळ्यांत जास्त आवडणारी गोष्ट. ‘मुहूर्तचिंतामणी’ नावाचा संस्कृत ग्रंथ आहे, १६०० साली काशीत रचलेला. त्यात गोरज मुहूर्त ऋतूप्रमाणे बदलतो. थंडीत सूर्याचा नुसता गोळा दिसायला लागला की गोरज, उन्हाळ्यात अर्धा बुडाला की, आणि पावसाळ्यात पूर्ण मावळल्यावर. बघ, ज्योतिषाच्या पोथीतसुद्धा आकाशाकडे डोळे लावून ठरवायची वेळ ही! लग्नाला बाकी काही जुळत नसलं तरी गोरज चालतो, असं मानतात. स्मृतींमध्ये तर गायींच्या खुरांची धूळ अंगावर घेणं हेही एक स्नान मानलंय, वायव्य स्नान. घाम आणि धूळ घेऊन घरी येणाऱ्या गुराख्याला त्या लोकांनी अंघोळ झालेला मानलं, हे मला फार थोर वाटतं.

आज आपल्या गावात सगळ्यांची गुरं एकत्र नेणारा गुराखी राहिलेला नाही. चराई रानं वावरात गेली, गोठ्यात एखाद-दोन म्हशी, बैलांच्या जागी ट्रॅक्टर. संध्याकाळी धूळ उडते ती त्याचीच. शब्द उरला तो लग्नपत्रिकेत. तिथं का होईना पण तो राहिला पाहिजे, असं मला मनापासून वाटतं. दिवेलागण घरात होते, कातरवेळ माणसाच्या मनात येते, पण माणूस आणि जनावर एकाच वाटेनं घरी येताहेत, हे सांगणारा शब्द दुसरा मला सापडत नाही. तू तिकडे आपल्या बाळाला मराठी शिकवशील तेव्हा ‘संध्याकाळ’च्या जोडीला हाही सांग, आणि सोबत गाय आणि धूळ दोन्ही सांग.

तुझ्या मामेबहिणीचं लग्न आखाजीनंतर, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतर, धरलंय. पत्रिकेवर ‘गोरज मुहूर्त’ छापलाय, सातच्या सुमाराचा. आखाजीच्या आधी चार दिवस तरी ये; लेकी माहेरी आल्याशिवाय खानदेशात आखाजी होत नाही. झोका बांधायला मी निंबाची फांदी बघून ठेवली आहे. रजा आणि तिकिटाचं काय ठरतं ते आईला लवकर कळव, सांजोऱ्या किती करायच्या ते तिला ठरवायचं आहे. मांडे काकू करणार आहे.

तुझे,
बाबा